अक्काच्या गावचे कपडे

मास्तरांना आयुष्यात दोनच भीती होत्या. एक, गिऱ्हाइकाच्या भारी कापडाला पहिली कात्री लावण्याची. दुसरी, अक्काची. पहिली वयाबरोबर कमी होत गेली.

मास्तर म्हणजे शिंपी. कोपऱ्यावरच्या दुमजली इमारतीत खाली त्यांचं दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर. गळ्यात टेप, कानावर खडू आणि ओठांत टाचण्या असा त्यांचा रोजचा अवतार. टाचण्यांमुळे दिवसभर बोलता येत नसे, आणि संध्याकाळी टाचण्या काढल्यावर बोलायची सवयच राहिलेली नसे. त्यामुळे लोक त्यांना मितभाषी समजत. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "माप जुळलं नाही." हा त्यांचा आयुष्यातला एकुलता एक विनोद होता, आणि तोही अक्काने शिकवलेला.

अक्का त्यांची थोरली बहीण. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. अख्ख्या शहराचं बोलणं एकेकाळी तिच्या कानावरून जात असे, त्यामुळे दुसऱ्यांच्या भानगडीत लक्ष घालणं ही तिच्या लेखी चांभारचौकशी नसून ड्यूटी होती. यजमान गेल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली. आली त्या दिवसापासून रोज सकाळी जिना उतरून दुकानात खुर्ची टाकून बसायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "हा रंग तुम्हाला शोभत नाही. दुसरा आणा." गिऱ्हाईक चिडायचं, घरी जायचं, आरशात बघायचं आणि दुसरा रंग घेऊन यायचं.

पण तिचा खुबा कुरकुरायला लागला. आधी जिना बंद झाला, मग काठीवाचून स्वयंपाकघरापर्यंत जाणंही बंद झालं. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि सांगितलं, खुबा बदलायचा. बदलला तर चालाल. आणखी लांबवलं तर पायातली उरलीसुरली ताकद जाईल, मग बदलूनही काही व्हायचं नाही, खुर्ची कायमची. अक्काने शहाण्यासारखी मान डोलावली. मग पहिली तारीख तिने सर्दी झाली म्हणून टाळली. दुसरी पाहुणे येणार म्हणून. पाहुणे काही आले नाहीत. तिसऱ्या वेळी म्हणाली, "डॉक्टर फार कोवळा दिसतो रे. थोडा मोठा होऊ दे त्याला."

आता खुर्चीत बसून माणूस करणार काय? अक्काचा मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना आपला कॉम्प्युटर तिच्याकडे ठेवून गेला होता. त्यात एक गेम होता. त्या गेममध्ये एक गाव होतं, मधोमध चौक, कडेने नदी. गावात लोहार, पाववाला, होडीवाला, शेळीवाली अशी माणसं. त्यांना कामं वाटून द्यायची, पीक काढायचं, लांडगे आले तर पळवायचे. अक्काला दुसरं एक्स्चेंजच मिळालं. सकाळी चहा झाला की ती डोळ्यांना चष्मा चढवून खुर्चीत बसायची, आणि खाली दुकानात मास्तरांना वरून आवाज ऐकू यायचा, "अगं ए भवाने, तिकडे कुठे कडमडतेस शेळ्या घेऊन? लांडगा आहे तिकडे!" गिऱ्हाइकं दचकून वर बघायची. मास्तर टाचण्यांमधून म्हणायचे, "घरचंच आहे."

एकदा दुपारी तिने त्यांना वर बोलावलं.

"काय रे धाकट्या, ही माणसं बघ जरा."

मास्तरांनी वाकून पाहिलं. "बरी आहेत की."

"बरी? अख्ख्या गावाला एकाच ताग्यातलं कापड! लोहार तपकिरी, पाववाला तपकिरी, ही बया तपकिरी. जसं काही सगळ्या गावाला चहात बुडवून काढलंय. कोण यांचा शिंपी?"

"नसेल त्यांच्यात शिंपी."

"मग तू कशाला आहेस?"

मास्तर हसले, अक्काही हसली. अक्का हसलेली पाहून त्यांना जरा धीर आला, आणि सकाळपासून टाचण्यांमागे अडकलेलं वाक्य त्यांनी बाहेर काढलं. "अक्का, हॉस्पिटलातून फोन आला होता. पुढच्या महिन्याची तारीख दिलीय. या वेळी टाळलीस तर ते पुन्हा देणार नाहीत बहुतेक."

अक्काने पडद्यावरून नजर काढली नाही. शेळीवालीला कुंपणाच्या आत आणलं, फाटक लावलं, आणि मग म्हणाली, "जाईन की. ज्या दिवशी माझ्या गावातलं माणूस न् माणूस तुझ्या हातचे कपडे घालून चौकात फिरेल, त्या दिवशी मी स्वतः बॅग भरीन. दिला शब्द."

म्हणजे जाणार नाही. मास्तरांना तेवढं कळत होतं. कॉम्प्युटरचं बटण कुठे असतं हेसुद्धा ज्याला दोनदा विचारावं लागतं, त्याच्याकडून ती गेममधल्या माणसांचे कपडे मागत होती. ते जिना उतरले. दुकानात येऊन त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला, तो काही ओवला जाईना.

संध्याकाळी ते अक्काच्या दुखण्याच्या गोळ्या आणायला समोरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या बाई गल्लीत सगळ्यांच्या ओळखीच्या. गोरा वाटोळा चेहरा, खणखणीत आवाज आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं कुठलंही अक्षर लावण्याचं कसब.

"बाई, एक विचारू का? हसणार नसाल तर."

"हसू आलं तर हसेन. विचारा."

"गेममधल्या माणसांना... कपडे शिवता येतात का हो?"

बाईंनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि चोरटं औषध मागितल्यासारख्या दबक्या आवाजात विचारलं, "कुठला गेम?"

मग त्यांनी काउंटरखालून लॅपटॉप काढून मास्तरांकडे फिरवला. पडद्यावर एक भलामोठा पंखवाला ड्रॅगन बसला होता. त्याच्या नाकावर चष्मा होता.

"हा माझा. चष्मा मी लावलाय. आधी याला धड दिसायचं नाही, दिसेल ते जाळत सुटायचा."

"आणि आता?"

"आता नीट बघून जाळतो."

मास्तर त्या ड्रॅगनकडे बघतच राहिले. बाईंनी सांगितलं, याला मॉड म्हणतात. गेम दुसऱ्या कुणीतरी बनवलेला असतो, आपण त्यात आपली करामत घुसवायची. "तयार कपडा ऑल्टर करतो ना आपण, तसं," मास्तर म्हणाले. बाईंनी काउंटरवर थाप मारली. "अगदी तसं! फक्त त्याची एक भाषा असते. लुआ तिचं नाव. तिच्यात लिहायचं, त्याला स्क्रिप्ट म्हणायचं."

"या वयात मी नवी भाषा..."

"मास्तर, मी गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहून देते? सकाळी एक, जेवणानंतर एक. जर ताप असेल तर ही, नसेल तर नको. पाच दिवस झाले की बंद. झालं! जर असं असेल तर तसं कर, इतक्या वेळा कर, आणि शेवटी संपलं म्हणून सांग. एवढीच भाषा आहे. बाकी सगळं हट्टीपणा."

मास्तरांच्या मागे रांगेत खोकल्याचं औषध घ्यायला एक काका उभे होते. ते म्हणाले, "पण संपलं म्हणून सांगितलं नाही तर?"

"तर ते वाट बघत बसतं."

"आमच्या मेहुण्यासारखं," काका म्हणाले, आणि खोकले.

त्या दिवसापासून काउंटरवर मास्तरांची शाळा भरू लागली. दुपारी गिऱ्हाईक कमी असे तेव्हा ते रस्ता ओलांडून जात. बाई गोळ्या मोजता मोजता शिकवत, आणि रांगेतली माणसंही नाइलाजाने शिकत. ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या एक आजी होत्या. त्यांना आठवड्याभरात "जर-तर"चं इतकं चांगलं कळू लागलं की मास्तर अडले की त्याच आधी म्हणत, "शेवटी 'एंड' लिहिलंत का?" लिहिलेलं नसायचंच.

दुकानात मास्तर आधी खाकी कागदावर खडूने स्क्रिप्ट लिहीत, जसा कापड कापण्याआधी कागदाचा नमुना काढतात तशी. इंग्रजी अक्षरं ते रुमालावर नाव भरावं तशी एकेक कोरून काढत. मग तो कागद भिंतीला टाचून लांबून बघत, आणि दुपारी ती स्क्रिप्ट बाईंच्या लॅपटॉपवर उतरवत. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "नवीन फॅशन का मास्तर?" मास्तर म्हणाले, "हो. अजून कुणी घातली नाही."

त्या भाषेची एक गोष्ट त्यांना फार आवडली. काही चुकलं की ती कितव्या ओळीत चुकलं ते सांगायची. गिऱ्हाईक असं कधी सांगत नाही. ते आरशासमोर उभं राहून म्हणतं, "कुठेतरी काहीतरी बरोबर नाही वाटत," आणि मग टाचण्या घेऊन त्या 'कुठेतरी'ला शोधत फिरायचं. ही बिचारी सरळ बोट ठेवून दाखवते, इथे टोचतंय. मास्तरांना तिचा राग येईना. उलट ओशाळल्यासारखं व्हायचं, की पुन्हा टोचलं का, माफ कर.

पहिली स्क्रिप्ट चालली ती एका सकाळी; आदल्या रात्री अक्का झोपल्यावर मास्तरांनी ती तिच्या कॉम्प्युटरमध्ये घातली होती. अक्का चहाचा कप घेऊन गेमसमोर बसलेली. मास्तर दारात, इस्त्रीचे कपडे चाळल्यासारखं करत. गेममधला सूर्य वर आला, पाववाला दुकानाचं दार उघडून बाहेर आला, आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली: नमस्कार अक्का.

अक्काच्या हातातला चहा बशीत सांडला. "अगंबाई! याला माझं नाव कुणी सांगितलं?"

"मी," मास्तर म्हणाले.

"तू?" अक्काने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग पाववाल्याकडे. "परत म्हणायला लाव बरं."

लावायची गरज नव्हती. पाववाला परत म्हणाला. मग परत म्हणाला. केव्हा थांबायचं हे मास्तरांनी त्याला सांगितलंच नव्हतं. नमस्कार अक्का, नमस्कार अक्का, नमस्कार अक्का असं करत पडदा भरत चालला, आधी चौक दिसेनासा झाला, मग शेळ्या, मग नदी.

"अरे पुरे! कळलं! नमस्कार!" अक्का पडद्याला हात जोडून ओरडली. "एक्स्चेंजमध्ये एक होता असा, फोन ठेवायचाच नाही मेला!"

मास्तरांना हसू आवरेना. तोंडात टाचण्या नव्हत्या हे नशीब. त्या दिवशी ते दिवसभर कारण नसताना हसत होते. एका बाईच्या कोटाला गुंड्या लावताना हसले, तेव्हा ती म्हणाली, "इतका वाईट दिसतो का?"

औषधवाल्या बाईंनी उपाय सांगितला. "आज गोळी घेतली की नाही हे लक्षात नको ठेवायला? नाहीतर माणूस दिवसभर गोळ्याच खात बसेल. जर सकाळ झाली असेल, आणि जर आज नमस्कार केला नसेल, तरच." रांगेतल्या आजी म्हणाल्या, "आणि 'एंड' दोन लागतील मग." बाईंनी त्यांना एक लिमलेटची गोळी फुकट दिली.

तिथून मास्तर सुसाट सुटले. दोन-तीन दिवसांत त्यांनी रंगाची ओळ शोधून काढली. लोहाराला गडद निळा, पाववाल्याला पांढरा, शेळीवालीला अबोली. सगळं गाव रंगीत झालेलं बघून त्यांचा ऊर भरून आला. ते छाती काढून अक्काजवळ उभे राहिले.

अक्काने चष्मा पुसून पाहिलं. "छान. रंग दिलास."

"मग? बॅग भरायची?"

"रंग दिलास म्हटलं मी. तू रंगारी आहेस की शिंपी? बघ, तो लोहार केवढा आडवा, ती शेळीवाली पोरगी केवढीशी, आणि दोघांना एकाच मापाचं पोतं. तुझ्या हातचं म्हणजे अंगाबरोबर बसायला नको? असं शिवून दुकानातून दिलं असतंस का कुणाला?"

दिलं नसतं. तोच तर घोळ होता. अक्काचं म्हणणं लबाडीचं होतं आणि बरोबरही होतं. आणि हॉस्पिटलची तारीख येऊन ठेपली होती.

त्यात त्या गेमची आणखी एक गंमत होती. तिथली माणसं चांगलं पीक आलं की खाऊन जाड होत आणि दुष्काळ पडला की बारीक. तेव्हा एकदा माप घेऊन भागणार नव्हतं. रोज सकाळी प्रत्येकाचं माप घ्यायचं आणि त्याप्रमाणे कपडा बेतायचा, असं लिहायला हवं होतं. मास्तरांना हे कळल्यावर उलट हायसं वाटलं. हे तर त्यांचंच काम. त्यांनी खाकी कागद पसरला, खडू घेतला, आणि आयुष्यभर करत आले तसंच एकामागून एक लिहून काढलं. माप घ्यायचं. शिवणीत जाणारं जादा कापड त्यात मिळवायचं. त्या मापाचा कपडा चढवायचा. प्रत्येक माणसाला, रोज सकाळी. एंड, एंड. एकही चूक दाखवली नाही त्या भाषेने. मास्तरांना वाटलं, आपण शिकलो.

पहिल्या सकाळी कपडे जरा ढगळ दिसले. "वाढत्या अंगाचे शिवलेस की काय?" अक्का म्हणाली. दुसऱ्या सकाळी आणखी ढगळ. मग अक्काने दिवस भराभर पुढे नेण्याचं बटण दाबलं, आणि पुढे जे झालं ते त्या दोघांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

लोहाराच्या बाह्या जमिनीवरून लोळत विहिरीत पोचल्या. पाववाला सदऱ्यासकट आपल्याच दारात बुचासारखा बसला आणि त्याच्यामागे पाव करपल्याचा धूर निघू लागला. शेळीवालीच्या झग्याखाली एक शेळी गेली, तिच्यामागून दुसरी गेली, मग अख्खा कळप गेला, आणि बाहेर कुणीच येईना. होडीवाल्याची विजार तर नदीच्या दोन्ही काठांना टेकली, आणि लोक तिच्यावरून चालत पलीकडे जाऊ लागले.

"पूल!" अक्का किंचाळली. "धाकट्या, तू पूल शिवलास!"

ती खुर्चीच्या हातावर बुक्क्या मारत हसत होती. मास्तर जमिनीवर बसले होते, उभं राहवेना म्हणून. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पदराने ते पुसायचं सोडून पडद्याकडे बोट दाखवत म्हणत होती, "शेळ्या मोज, शेळ्या मोज!" समोरून औषधवाल्या बाईंनी खिडकीतून हाक मारून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

हसू ओसरल्यावर मास्तरांनी हळूच म्हटलं, "कपडे माझ्या हातचे आहेत. घातलेत सगळ्यांनी. चौकातच आहेत."

"'फिरेल' म्हटलं होतं मी," अक्का धापा टाकत म्हणाली. "हे फिरतायत कुठे? हे पसरलेत."

मास्तर खाली आले. जिन्यातच त्यांचं हसू उतरलं. वर ती इतकी हसत होती, आणि चार दिवसांनी तिने तारीख टाळली की मग जन्मभर त्याच खुर्चीतून हसायचं.

बाईंनी स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत वाचली. काकांनी वाचली. आजींनी 'एंड' मोजले, बरोबर भरले. शेवटी बाई म्हणाल्या, "मास्तर, भाषा बिनचूक आहे. तुम्ही जे सांगितलंय तेच ते करतंय. आता तुम्ही काय सांगितलंय ते तुम्हालाच शोधायला हवं. मला बाई काज-बटणसुद्धा येत नाही."

दुसऱ्या दिवशी बँकेतले एक साहेब दुकानात आले. काखेत एक जुना कोट. "याच मापाचा नवा शिवा मास्तर. हा फार छान बसायचा."

मास्तरांनी सवयीने कोट फळीवर पसरला आणि त्याला टेप लावला. लोक नेहमीच मापाला असा जुना कपडा आणतात. खांदा घेतला, छाती घेतली, जादा कापड मनातल्या मनात मिळवलं. मग सहज वर पाहिलं, तर साहेबांचं पोट कोटाच्या पुढे निदान एक वीत निघून गेलेलं.

"साहेब, कोट कधीचा?"

"लग्नातला."

"मग तुमचंच माप घेऊ. हात बाजूला करा."

साहेबांनी दोन्ही हात पसरले. मास्तरांनी त्यांच्या पोटाभोवती टेप फिरवला, आणि तिथेच थांबले. टेप साहेबांच्या पोटावर, नजर भिंतीवरच्या खाकी कागदावर.

"कपड्याचं घेतलं!" मास्तर ओरडले. ओठांतल्या टाचण्या फरशीवर सांडल्या. "माणसाचं नाही, मी कपड्याचं माप घेतलं!"

आणि टेप तसाच साहेबांच्या पोटावर सोडून ते रस्त्यापलीकडे धावत सुटले. मागून साहेबांचा आवाज आला, "मास्तर! हात खाली करू का?"

बाईंच्या काउंटरवर त्यांनी एका दमात सांगून टाकलं. त्यांची स्क्रिप्ट रोज सकाळी माणसाच्या अंगाचं माप घेतच नव्हती. त्याच्या अंगावर कालचा जो कपडा असेल त्याचं घेत होती, जसं ते स्वतः जुना सदरा समोर ठेवून बेततात. त्यात जादा कापड मिळवून नवा कपडा. दुसऱ्या दिवशी तो मोठा कपडाच मापाला, त्यात पुन्हा जादा कापड. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि मुख्य म्हणजे त्या गावात शिवण नावाचा प्रकारच नाही, तर ते जादा कापड आत दुमडून जाणार कुठे? सगळं बाहेरच!

बाईंनी कपाळाला हात लावला. आजी म्हणाल्या, "तरीच 'एंड' बरोबर होते!" काका इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि आणलेलं औषध तिथेच उघडून घ्यावं लागलं. एक ओळ बदलली, एक ओळ खोडली. साहेब हात खाली करून, टेपची गुंडाळी घेऊन, काय झालं ते बघायला रस्ता ओलांडून आले होते. त्यांनाही सगळं सांगावं लागलं. "म्हणजे माझा खुळेपणा उपयोगी पडला म्हणायचा," ते म्हणाले, आणि फार खूश झाले.

त्या संध्याकाळी अक्काने गाव उघडलं. सूर्य वर आला. लोहार बाहेर पडला तो खांद्यात चपखल बसलेल्या निळ्या सदऱ्यात. पाववाला दारातून सरळ बाहेर आला, एकदाच "नमस्कार अक्का" म्हणाला आणि गप्प बसला. शेळीवालीचा अबोली झगा घोट्यापर्यंत, शेळ्या सगळ्या बाहेर. अक्काने दिवस पुढे पळवले. पीक आलं, लोहाराचं पोट सुटलं, सदराही तेवढाच सुटला. चौकात माणसं फिरत होती.

अक्काने एकेकाला जवळ आणून पाहिलं.

"लोहाराची कॉलर?"

"भट्टीपुढे काम करतो. उघडी हवी."

"होडीवाल्याची विजार आखूड झालीय."

"पाण्यात उतरतो तो."

अक्काने होडीवाल्याला पुन्हा नदीकडे पाठवलं. मास्तरांनी तिचा कप उचलून मोरीत ठेवला आणि परत आले.

"तू शिकशील असं वाटलं नव्हतं मला," अक्का म्हणाली.

"मलाही नव्हतं वाटलं."

"म्हणून तर तसली अट घातली."

"ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग कशाला शिकलास गाढवा?"

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. "तू खाली बसायचीस तेव्हा... गिऱ्हाइकांना रंगाचं तू सांगायचीस. मला नाही सांगता येत. गेले कित्येक महिने लोक नको ते रंग घालून हिंडतायत."

अक्काने शेळ्या कुंपणात घेतल्या. मग हलक्या आवाजात म्हणाली, "गुंगी देतात रे. मी उठलेच नाही तर या गावाचं कोण बघणार?"

"मी."

अक्काने मान वळवून त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि फसकन हसली. "तू? अरे, तुला नुसते कपडे शिवता येतात. तू यांना उपाशी मारशील! बस इथे."

तिने त्यांना स्वतःच्या बाजूला स्टुलावर बसवलं आणि कॉम्प्युटरचा उंदीर हातात दिला. पुढचे तीन दिवस बॅग भरणं आणि मास्तरांना गेम खेळायला शिकवणं बरोबरीने चाललं. ज्या माणसाने त्या गावाला आतून उसवून पुन्हा शिवलं होतं, त्याला विहिरीवरून पाणी आणायला माणूस पाठवता येईना. त्यांनी शेळ्या नदीत सोडल्या. होडीवाल्याला झाडावर चढवलं. "अरे डावं बटण, डावं! कात्री कशी धरतोस रे तू?" अक्का ओरडायची, आणि मध्येच, "ती माझी लोकरीची शाल घाल बॅगेत," म्हणायची. ठरलेल्या सकाळी गल्लीतल्या चौघांनी तिला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. बाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. अक्काने त्यांना ओरडून सांगितलं, "याच्याकडे लक्ष ठेवा, गावाची वाट लावेल!"

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी मास्तर भेटायला गेले, तेव्हा अक्का उशांना टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, पण डोळे नेहमीसारखे. पलंगाजवळ व्यायाम करवून घेणारी एक मुलगी चौकटीचा वॉकर घेऊन उभी होती आणि अक्का तिला नकार देत होती.

"उद्या बघू. आज फार दुखतंय."

"आजी, आज फक्त कडेला उभं राहायचंय. एवढंच."

"उद्या," अक्का म्हणाली, आणि भावाकडे वळली. "काय रे, गाव कसं आहे?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बरं आहे."

"धाकट्या."

"म्हणजे माणसं सगळी बरी आहेत. कपडेही."

"धाकट्या, माझ्याकडे बघ."

"गिरणी जरा पेटली."

"जरा?"

"आता ती नाहीये."

मग अक्काने अंगावरची चादर भिरकावली. "गिरणीशेजारी लोहाराला भट्टी देऊ नकोस म्हणून तीनदा बजावलं होतं! तीनदा! बी-बियाण्याचं धान्यही गेलं असेल. गेलं ना? ए मुली, आण ते इकडे. हे कसं धरायचं?"

मुलीने चटकन वॉकर पुढे केला. अक्का उठली. दोन पाय जमिनीला लागले, ओठ घट्ट मिटले, कपाळावर घाम आला, आणि ती उभी राहिली. मास्तरांनी हात पुढे केला, तो तिने झिडकारला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. दारातून बाहेर पडून लांबलचक बोळात शिरली. मास्तर एका बाजूला, ती मुलगी दुसऱ्या बाजूला, दोघंही हात पसरून. शेजारच्या खोल्यांमधून माणसं डोकावून बघू लागली.

"आजी, हळू! आजी, अहो हळू!"

"हळू काय हळू!" अक्का म्हणाली. "गावात पीठ नाही!"